हातिमचा लेखनिक

मायेनने हातिमचं डोकं फळ्यावर आपटलं तेव्हा मी मुलांना निबंधाचं पहिलं वाक्य कसं लिहायचं ते शिकवत होते.

प्रत्येकाने आपल्या देशाविषयी एकच वाक्य लिहायचं, पण त्यात दम हवा, असं मी बजावलं होतं. मॉरिशसच्या मुलीने उसावर लिहिलं, येमेनच्या मुलाने कॉफीवर. मग हातिम उठला. बुटका, चष्मेवाला, कायम इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. त्याने वाचलं, "माझ्या देशाचा दक्षिण भाग इतका हिरवा आहे, हे तिथे जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं."

"छान," मी म्हटलं. खरंच छान होतं.

मागच्या बाकावरून मायेनचा आवाज आला. "तू कधी गेला होतास तिकडे?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी."

"कशाला?"

हातिमने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सैन्यातून," तो म्हणाला.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, तेही मोडकंतोडकं. इथे मी आपल्या भाषेत सांगते आहे.

मायेन उठला. तो इतका उंच की होस्टेलच्या प्रत्येक दारातून वाकून जायचा. बाकांमधून तो सावकाश आला, जणू काही फळ्यावर उत्तर लिहायला निघाला होता. हातिमची मानगूट धरली आणि त्याचं तोंड फळ्यावर आपटलं. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. त्याने पुन्हा आपटलं. मग पुन्हा. मी लिहिलेली अक्षरं रक्ताने ओली झाली आणि वर्गातलं एकही माणूस जागचं हललं नाही.

माझा हात चटकन उठतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. टेबलावरचं लाकडी डस्टर उचलून मी मायेनच्या कानशिलावर हाणलं, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याने हातिमला सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही.

हातिम खाली बसला होता. नाकातून रक्ताची धार लागलेली. तो मला म्हणाला, "मॅम, माझं वाक्य चुकलं."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात परदेशी मुलांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग होता. बाहेरून आलेल्या मुलांचं इंग्रजी आणि गणित एका वर्षात घासूनपुसून घ्यायचं, शेवटी परीक्षा, आणि ठरलेले गुण मिळाले तरच पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश. नाही मिळाले तर व्हिसा संपला, चालते व्हा. अ तुकडी वरची, ब तिच्या खालची; दोन्हींना एकत्र बसवून मी इंग्रजी शिकवायची. कागदावर तेवढंच. बाकी त्यांना दवाखान्यात नेणं, घरमालकाशी भांडणं, आईच्या आठवणीने रडणाऱ्याला घरी नेऊन वरणभात घालणं हे सगळं फुकटातलं काम. मी ते शिव्या घालत करायची, पण करायची.

मायेन आणि हातिम दोघंही सुदानचे. होस्टेलचे रेक्टर होते निवृत्त सुभेदार शेळके, साताऱ्याकडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना एका खोलीत टाकलं होतं. "अवं बाई, एका मुलखाची पोरं हायेत," ते मला म्हणाले होते. "आसामात पोस्टिंगला व्हतो, तवा वाईचा एक गडी भेटला. निम्मं दुखणं तितंच गेलं माझं." आपल्याकडे परमुलखात गाववाला भेटला की माणूस हरखतो. सुभेदारांना वाटलं, सगळीकडे तसंच असणार. मलाही तसंच वाटलं. त्या देशात उत्तर आणि दक्षिण यांच्यात वर्षानुवर्षं युद्ध चाललंय, हातिम उत्तरेचा आणि मायेन दक्षिणेचा, हे आमच्यापैकी कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला जमलं त्यांचं. मायेन एवढंच धरून चालला होता की हा शहरातला, पुस्तकी पोरगा, याचा लढाईशी काय संबंध. दोघं एका स्टोव्हवर मसूर शिजवायचे. हातिम त्याला गणित शिकवायचा. मायेनचं गणित म्हणजे आनंदच होता.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी मायेनला समोर बसवलं.

"पोलिसात गेलं असतं हे, तर काय झालं असतं माहीत आहे?"

"माहीत आहे."

"काय?"

"परत पाठवतील. विमानतळावरूनच सैन्यात घालतील." तो हात मांडीवर ठेवून बोलत होता. "आणि मला माझ्याच लोकांवर गोळ्या घालायला पाठवतील. मी घालणार नाही. मग ते मला घालतील."

"एवढं कळतं ना? मग आवर स्वतःला. परीक्षा होईपर्यंत तरी."

त्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, मला समजलं नाही.

सुभेदारांना मी सगळं सांगितलं तेव्हा म्हातारा थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसला. "चूक झाली बाई," ते म्हणाले. मग एकदम उजळले. "पर ही भांडणं समजावून मिटत न्हाईत. मातीत मिटत्यात. ते उंच पोरगं कुस्ती खेळतंय त्यांच्याकडं, मला सांगितलंय त्यानं. घेऊ एक कुस्ती लावून. एकदा रग जिरली की हात मिळवत्यात, माती लावत्यात, खल्लास."

मी म्हटलं, "सुभेदार, हे आगीतून फुफाट्यात जायचं लक्षण आहे."

"तुमी फकस्त बगा."

आणि मी बघितलं. रविवारी सकाळी, कॉलेजमागच्या तालमीत. सुभेदारांनी दोघांच्या अंगावर लाल माती टाकली, पाठीवर थाप मारली. पैलवान कडेने उभे होते, परदेशी कुस्ती म्हणून खुशीत. हातिम चष्म्याविना उभा होता, नाकावर अजून पट्टी. त्याने पवित्रा घेतलाच नाही. दोन्ही हात खाली सोडले.

मायेनने त्याला कमरेतून उचलला आणि आपटला. टाळ्या पडल्या. मग तो त्याच्या छातीवर बसला आणि कोपर त्याच्या गळ्यावर ठेवून सगळा भार टाकला. टाळ्या थांबल्या. हातिमचे पाय माती उकरत होते. चेहरा आधी लाल, मग काळानिळा.

"चीत झालाय! सोड!" सुभेदार ओरडले. "सोड, भाड्या!"

पैलवान आखाड्यात उतरले. मायेनला ओढून काढताना त्याने एकाचा अंगठा चावून फोडला. दुसऱ्याने त्याच्या बरगडीत गुडघा घातला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे त्याची पकड सुटली. हातिम पालथा पडून ओकत होता. तशातच बिचाऱ्या सुभेदारांनी रिवाज म्हणून दोघांचे हात एकमेकांत द्यायचा प्रयत्न केला. मायेनने आपला हात काढून घेतला आणि चड्डीला पुसला.

परत येताना सुभेदार माझ्याशेजारून चालत होते. "बाई, ते पोरगं कुस्ती खेळत नव्हतं."

"दिसलं मला."

"आनि दुसरं पोरगं जीव वाचवाया बघत नव्हतं."

तेही मला दिसलं होतं.

दुपारीच आम्ही खोल्या बदलायच्या ठरवल्या. हातिम म्हणाला, "नको मॅम, मी इथेच ठीक आहे." मी मायेनकडे वळले. तर तोही म्हणाला, "नको. तो झोपलेला मला दिसला पाहिजे." मी दोघांनाही मूर्ख म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. पण दुसरी रिकामी खोली होती ती गच्चीवरची, पत्र्याची, आणि उन्हाळा लागलेला. परीक्षा तोंडावर. सुभेदारांनी आपली खाट त्यांच्या दाराबाहेर टाकली आणि आम्ही देवावर हवाला ठेवला.

नवल म्हणजे हातिम त्याला गणित शिकवतच राहिला. दारातून मी एकदोनदा बघितलं. एक बोलतोय, दुसरा वहीत लिहितोय, मधे टेबल. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी सुभेदारांचा फोन आला. "बाई, या. लवकर या." मी रिक्षाने पोचले तर होस्टेलचा व्हरांडा पोरांनी भरलेला. त्यांना ढकलत मी आत गेले.

हातिम टेबलाशी खुर्चीवर बसला होता. उजवा हात टेबलावर होता आणि तो हात राहिला नव्हता. बोटं नको त्या दिशांना वळलेली, मनगटाशी हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. गणिताच्या वह्या रक्ताने भिजून टेबलाला चिकटल्या होत्या. तो ओरडत नव्हता. ओठ चावून चावून तेही रक्ताळले होते. समोरच्या खाटेवर मायेन बसला होता. मच्छरदाणीचा लोखंडी गज त्याच्या मांडीवर आडवा होता.

"काय केलंस तू हे?"

"त्याने माफी मागितली," मायेन म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. तो बसल्या जागेवरून हललासुद्धा नाही. सुभेदारांनी माझा हात धरला. "बाई, आदी दवाखाना."

सरकारी दवाखान्यात असला मार दिसला की पोलिसांना कळवतात. फौजदार जगदाळे आले, जाडजूड, घामेजलेले. "माझं इंग्लिश म्हणजे येस नो," ते मला म्हणाले. "बाई, तुम्हीच विचारा. कोणी मारलं?"

मी विचारलं. एका नावावर मायेनचा जीव होता.

हातिम गुंगीत होता. तो म्हणाला, "परीक्षा झाल्यावर सांगेन."

"परीक्षा कसली घेऊन बसलाय हा," जगदाळे म्हणाले. पण परदेशी पोरगं, त्यात दूतावासाची कटकट, त्यांनाही घाई नव्हती. "ठीक आहे. पेपर झाला की येतो मी होस्टेलवर. तेव्हा जबाब पाहिजे."

ते गेल्यावर हातिमने डोळे उघडले. "मॅम, हात मोडला तर लेखनिक मिळतो ना?"

मिळतो. परीक्षार्थीने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला किंवा तुकडीतला हवा, त्याने स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही, बोलायचं नाही, एवढे नियम. मी त्याला ते सांगितले.

"मग मला मायेन द्या."

मला वाटलं, गुंगीत बरळतोय. "ज्याने हात मोडला तो?"

"तो ब तुकडीत आहे, माझ्या खाली. नियमात बसतो. त्याचा पेपर दुसऱ्या दिवशी आहे."

"सूड उगवतोयस का त्याच्यावर? जबाबाची भीती घालून राबवून घेणार?"

"नाही मॅम." त्याने डोळे मिटले. "त्याचं अक्षर चांगलं आहे."

मी मायेनला निरोप दिला. वर हेही सांगितलं की नाही म्हणालास तर तो तुझं नाव घेईल, असं मला वाटतं. मायेन म्हणाला, "मी येईन. पण नावासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"त्याच्या मनात अजून काहीतरी आहे. गज मारतानाही ते बाहेर आलं नाही."

लेखनिकाच्या परीक्षेला वेगळी खोली लागते. ग्रंथालयामागची लहान खोली मिळाली, देखरेखीला मी. दोघं शेजारी बसले. हातिमचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मायेनने उत्तरपत्रिका ओढून घेतली, पेनाचं टोपण काढलं. व्याकरणाचे प्रश्न भराभर झाले. हातिम सांगायचा, मायेन लिहायचा. मग निबंध. पाहिलेला एखादा प्रसंग लिहा आणि त्यावर आपलं मत मांडा.

हातिमने सांगायला सुरुवात केली. विरामचिन्हांसकट, मी शिकवलं होतं तसं.

"आम्ही पहाटे गावात शिरलो, पूर्णविराम. आम्ही सगळे नुकतेच शाळेतून आलेले होतो, स्वल्पविराम, आणि आम्हाला सांगितलं होतं की विद्यापीठात जायचं असेल तर आधी हे करा, पूर्णविराम."

मायेनचं पेन चालत होतं.

"गवताची छपरं होती, पूर्णविराम. मी उजव्या हाताने पलिता धरला, पूर्णविराम. आम्ही छपरं पेटवली, स्वल्पविराम, आणि माणसं बाहेर येईपर्यंत दाराशी थांबलो, पूर्णविराम."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी खुर्चीवरून उठले होते, कधी उठले ते कळलं नाही.

"जे बाहेर आले त्यांना मारलं, पूर्णविराम. एक बाई लेकरू पाठीशी बांधून आली, पूर्णविराम. माझ्या शेजारच्याने तिला संगीन मारली, पूर्णविराम. संगीन पार गेली, पूर्णविराम."

मायेन उठला. मला वाटलं, आता हा त्याला माझ्यासमोर ठार मारणार आणि मला ते अडवता येणार नाही. तो दाराजवळ गेला, आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादलीवर वाकला आणि त्यात ओकला. बराच वेळ ओकला. मग तोंड पुसून जागेवर येऊन बसला आणि पेन उचललं.

लेखनिकाने बोलायचं नाही. त्याने फक्त पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि वाट बघितली.

हातिमचा चेहरा ओला होता, पण आवाज तसाच. "त्या गावाचं नाव मला माहीत नाही, पूर्णविराम. माझं मत असं आहे की मला शिक्षा मिळायला हवी होती, स्वल्पविराम, आणि ती मिळाली नाही, पूर्णविराम."

मायेनने तेही लिहिलं. जसंच्या तसं, सुवाच्य अक्षरात. नियम त्याने शेवटपर्यंत पाळला.

पेपर बांधून मी दोघांना घेऊन होस्टेलवर आले तेव्हा जगदाळे सुभेदारांच्या ऑफिसात चहा पीत बसले होते.

"हं, विचारा बाई. हात कसा मोडला?"

मी विचारलं. हातिम म्हणाला, "मी जिन्यावरून पडलो." तो एवढं साधं म्हणाला की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. मी जगदाळ्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मायेन वाचला, मला वाटलं. वाचलं पोरगं.

"आणि हा दुसरा? हा खोलीतलाच ना? याने काय बघितलं?"

मी मायेनकडे वळले. त्याने माझ्याकडे नाही, सरळ जगदाळ्यांकडे बघितलं.

"मी मोडला," तो इंग्रजीत म्हणाला. "लोखंडी गजाने. हा खोटं बोलतोय. लिहा."

हातिम उडालाच. "मायेन, नको!"

"काय म्हणतोय?" जगदाळ्यांनी मला विचारलं.

विचार करायला वेळच नव्हता, आणि मी केलाही नाही. "म्हणतोय, जिना धुतला होता," मी म्हटलं. "पाणी होतं. पाय घसरला."

मेसमध्ये वर्षभर जेवून मायेनला आपले चार शब्द यायला लागले होते. जिना त्याला कळला, पाणी कळलं. तो माझ्याकडे वळला. "नाही! मॅम, नाही!" त्याने उजवी मूठ डोक्यावर नेली आणि खाली आणली, टेबलावर, दणकन. चहाचा कप उडाला. पुन्हा मूठ वर नेली, पुन्हा आपटली.

"हे काय आता?"

"कसा आपटला ते दाखवतोय," मी म्हटलं.

जगदाळे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे होते, ताठ. "जिना धुतला व्हता सायेब," ते भिंतीला म्हणाले. "मीच धुवाया सांगितला."

"बरं." जगदाळ्यांनी कागद मिटला. "जिना कोरडा ठेवत जा. पुन्हा कोणी घसरलं तर मी इंग्लिश येणारा माणूस घेऊन येईन."

ते गेले. हातिमला सुभेदार खोलीत घेऊन गेले. मायेन व्हरांड्यात उभा होता. मी त्याच्याजवळ गेले ती चिडूनच. "अक्कल आहे का तुला? मरायचंय? त्याने वाचवलं तुला!"

"तो हात त्याने स्वतः टेबलावर ठेवला होता," मायेन म्हणाला. "माफी मागताना म्हणाला, एक गाव पेटवलं. मी विचारलं, कुठल्या हाताने? त्याने हात ठेवला. मला वाटलं, मी शिक्षा देतोय. आज कळलं, तो किंमत देत होता."

"म्हणजे?"

"आमच्याकडे माणूस मारला तर मारणाऱ्याचं घर गाई देतं. मेलेल्याच्या घराने गाई घेतल्या की वैर संपतं. आधी त्याने हात दिला, आज मला वाचवलं. मी गप्प बसलो की मी घेतलं. एका हातात गाव फिटलं."

मी हळू विचारलं, "तुझं गाव होतं ते?"

"नाही. माझं दुसऱ्या कुणीतरी जाळलं." त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "ते गाव कुणाचं आहे मला माहीत नाही. त्यांच्या गाई घेणारा मी कोण? मी नाही म्हणालो होतो, मॅम. तुम्ही माझ्या तोंडाने हो म्हणालात."

मी म्हटलं, "उद्या तुझा पेपर आहे. जाऊन झोप."

तो पास झाला, जेमतेम, पण झाला. हातिम वरच्या श्रेणीत. मायेन चार वर्षं त्याच आवारात इंजिनिअरिंग शिकला आणि त्या दिवसानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी समोरून आले तर बाजूला सरून वाट द्यायचा, बघायचा मात्र नाही. आमचे हे गेले तेव्हा तो घरी आला. बाहेर पायरीवर बसून राहिला, खांदा दिला, नदीवर सगळं आटपेपर्यंत थांबला आणि तसाच परत गेला.

आता तो त्यांच्याकडे पूल बांधतो. हे मला हातिम सांगतो. तो दर दिवाळीला फोन करतो, डाव्या हाताने लिहायला केव्हाच शिकलाय, मुलं मोठी झालीत. मी न विसरता विचारते, "मायेन काय म्हणतो?" हातिम म्हणतो, "माझ्याशीही बोलत नाही, मॅम. पण मी चौकशी ठेवतो."

लोक मला विचारतात, वाईट नाही वाटत? वाटतं की. फार वाटतं. पण पुन्हा तो फौजदार समोर बसला तर मी पुन्हा हेच सांगेन, जिना धुतला होता. धरू दे मायेनला अबोला माझ्या मरेपर्यंत. अबोला धरायला माणूस जिवंत असावा लागतो.